पिळवणूक आणि वेठबिगारी यांत फरक काय?

तुटपुंजा पगार, बारा-बारा तास काम, सुट्टीचं नाव नाही, असं कानावर आलं की 'ही तर गुलामगिरीच' असं आपण म्हणून जातो. त्यामागचा संताप खराच असतो. पण पिळवणूक आणि वेठबिगारी यांचे उपाय वेगळे असल्यामुळे दोन्ही एकाच पोत्यात भरले की नुकसान कामगाराचंच होतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या करारातल्या वेठबिगारीच्या व्याख्येत पगाराचा आकडा येतच नाही. काम कसल्या शिक्षेच्या धाकाने करून घेतलं जातंय का आणि माणूस त्याला स्वखुशीने तयार झाला होता का, एवढंच त्यात पाहिलं जातं. पिळवणूक सोसणारा दुसरीकडे काम मिळालं की निघू शकतो. वेठबिगाराला निघता येत नाही. त्यासाठी साखळदंड लागत नाहीत. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, दोन-तीन महिन्यांचा पगार अडकलेला असतो आणि नोकरीसाठी दलालाला दिलेल्या पैशांचं कर्ज डोक्यावर असतं. यात कर्जाची पकड सगळ्यात चिवट. करारावर सही त्याने स्वतःच केलेली असते हे खरं, पण फसवून मिळवलेली संमती ही संमती नव्हे.

२०२१ च्या अंदाजानुसार जगात २.७६ कोटी माणसं अशी अडकली होती. लैंगिक शोषणाचे बळी वगळूनही त्यातली १.७३ कोटी खासगी क्षेत्रात राबत होती.

सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, पण कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी आत बोलावलं गेलं, काहींना पगार रोखण्याची धमकी देऊन. इमारत कोसळली, १,१३४ जण गेले. आदल्या दिवसापर्यंत ती पिळवणूक होती असं कुणी म्हणेल, पण त्या सकाळी धाकापोटी आत गेलेल्यांच्या बाबतीत रेषा ओलांडली गेली होती, असं मला ठामपणे वाटतं.

कारखान्यांकडून माल घेणाऱ्या कंपन्यांचे तपासनीस तिथले हजेरीपट आणि पगारपत्रक पाहतात. पिळवणूक तिथे सापडू शकते. पगारवाढ, ओव्हरटाइमचा मोबदला हे तिच्यावरचे उपाय. वेठबिगारी शोधायची तर दलालाचे पैसे कुणी भरले, हे कामगाराला एकांतात विचारावं लागतं. कामगाराकडून असे पैसे घेऊच नयेत, असं त्याच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खासगी रोजगार संस्थांविषयीचा १९९७ चा करार सांगतो. घेतले असतील तर ते परत मिळवून देणं हे कंपनीचं काम. बोभाटा होताच पुरवठादाराचं कंत्राट तोडून हात झटकणाऱ्या कंपनीचं नाव वाचतं, पण कामगाराची नोकरी जाते आणि कर्ज तसंच राहतं.