तलावकाठचा वन्यजीव मुक्काम

तलावकाठचा वन्यजीव मुक्काम : जंगलातल्या किंवा जंगलाला लागून असलेल्या तळ्याशेजारी एक-दोन रात्री राहून पशुपक्षी पाहण्याची पद्धत. नागपूरकरांना ती सहज साधते. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा ही जंगले शहरापासून दीड ते तीन-साडेतीन तासांच्या रस्त्यावर आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात किंवा काठाला मोठे पाणी आहे.

या मुक्कामाचा जगभर गाजलेला नमुना दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनाचा. पेरूच्या तांबोपाता भागात सांदोवाल नावाचे तळे आहे. नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेल्या वळणातून ते तयार झाले. तिथे वल्ह्याच्या होडीतून महाकाय पाणमांजरे, काळे केमन (मगरीच्या कुळातले प्राणी) आणि होआत्झिन पक्षी पाहतात. वर्षावनात पाण्याला तोटा नसतो, त्यामुळे जनावर तहानेपायी तळ्यावर येईलच असे नाही. तळ्याचा उपयोग वेगळा आहे : दाट झाडोऱ्यात चार हातांपलीकडचे दिसत नाही आणि तळे तेवढी उघडी जागा देते. विदर्भातल्या शुष्क पानझडी जंगलात हिशेब उलटा. इथे मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण होतो, नजर लांब जाते, पण ओढे-नाले आटलेले असतात. मग सांबर, गवा, अस्वल, वाघ सगळ्यांनाच उरलेल्या पाण्याकडे यावे लागते. पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. जंगल पाहणारा नेमका तेव्हाच बॅग भरतो.

ही तळी बहुतेक माणसांनी बांधलेली आहेत, हे पाहुण्यांच्या फारसे ध्यानात येत नाही. पूर्व विदर्भात गोंड राजवटीत आणि पुढेही कोहळी समाजाने धानाच्या ओलितासाठी शेकडो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेल्यावर ते माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. नवेगावबांध हा त्यांतला मोठा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे मानतात. पाळीजवळ त्याला कोलासूर म्हणून पुजतात. डोंगरांच्या कुशीतल्या या तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात, म्हणून नवेगावचा मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. इथे वाघाचा हट्ट धरू नये. सकाळी उन्हे चढण्याआधी दुर्बीण घेऊन पाळीवर बसले की पाणकावळे, तिरंदाज, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि थव्याने पोहणारी बदके यांतच दोन-तीन तास जातात. गोंदिया जिल्ह्यात सारसही आहेत, पण ते मुख्यतः धानाच्या बांध्यांत आणि गावतलावांवर दिसतात.

ताडोब्याचे तळे उन्हाळ्यातले. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलाला नाव मिळाले ते तारू या गोंड देवतेवरून. वाघाशी झुंजताना तारूला मरण आले अशी कथा आहे; त्याचे ठाणे तळ्याकाठीच आहे आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. तळ्यात मगरी आहेत. वाघ बरेचदा पाण्यात पाठमोरा उतरतो, कमरेपर्यंत बुडून बसतो आणि तोंड काठाकडे ठेवतो. चितळ सहसा उजेड असताना कळपाने येऊन जातात, सांबर संध्याकाळ कलल्यावर. वानराची खकारी किंवा चितळाचा कॉल, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा, ऐकू आला की गाइड गाडी बंद करायला सांगतो. पुढची पाच-दहा मिनिटे कुणीही बोलू नये, एवढीच अपेक्षा असते आणि तीच पुष्कळांना जड जाते.

पेंचमध्ये तोतलाडोहचा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर पसरला आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर कोवळे गवत उगवते. चितळांचे कळप त्यावर चरताना दिसतात. नागपूरच्या नळाला येणारे पाणीही याच प्रकल्पातले. जलाशयाच्या मासेमारीचा प्रश्न मात्र सुटसुटीत नाही. मध्य प्रदेशाने विस्थापित आदिवासी कुटुंबांना दिलेले 305 परवाने 1997 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ते रद्द केले नाहीत, अटी घातल्या. सफारीच्या जाहिरातीत हा भाग येत नाही.

राहण्याच्या सोयी आता बहुतांशी जंगलाबाहेर आहेत. पूर्वी नागझिऱ्यात थेट तळ्याकाठच्या विश्रामगृहात, विजेविना, कंदिलावर रात्र काढण्याचे भारी अप्रूप होते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयात गाभा क्षेत्रातल्या, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या जंगलातल्या, पर्यटनाचा वाद झाला. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. गाभ्यातले पर्यटन 20 टक्के क्षेत्रापुरते ठेवावे आणि तिथे नव्या पर्यटन सोयी उभारू नयेत, असे त्यांत आहे. म्हणून सिल्लारी, मोहर्ली, कोलारा, पिटेझरी अशा प्रवेशद्वारांजवळच्या गावांत मुक्काम करायचा, पहाटे आणि दुपारी जिप्सीने आत जायचे, सूर्यास्ताला बाहेर यायचे, असा शिरस्ता आहे. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते.

या शिरस्त्याला अपवाद वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेचा. त्या रात्री वन विभाग निवडक लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसू देतो. एकेकाळी ही प्राण्यांची गणना मानली जाई. तेच जनावर दोन पाणवठ्यांवर मोजले जाण्याचा दोष तीत होताच. वाघांचा अधिकृत अंदाज आता कॅमेरा ट्रॅपवरून, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवरून, काढतात आणि पौर्णिमेची रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे. सोबत पाणी आणि कोरडा शिधा न्यावा. अत्तर आणि गप्पा घरी ठेवाव्यात.

अलीकडे दोन गोष्टींनी या पद्धतीची चव बदलली. सौर पंपावर चालणारे कृत्रिम पाणवठे रस्त्याजवळ झाल्याने जनावरे तिथे हमखास दिसतात आणि तळ्यावर थांबण्याचा धीर कमी झाला. दुसरी गोष्ट गाड्यांची गर्दी. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या कोंडाळ्यात अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

मुक्कामाला सवड नसलेल्यांसाठी शहराच्या वेशीवर गोरेवाडा तलाव आहे. भोवतीच्या जंगलात बिबटे आहेत, हिवाळ्यात पाणपक्षी येतात, आणि जेवायला घरी परतता येते.