सोळा जणांचा भूलभुलैया: एका गेमची आणि एका आकड्याची पार्श्वभूमी

"किती जण खेळू शकतात?" मल्टिप्लेअर मेझ गेम म्हटला की आमच्या इकडची पोरं, रत्नागिरीची काय किंवा कुडाळची काय, सगळ्यात आधी हेच विचारतात. ग्राफिक्स कसे आहेत, लेव्हल किती आहेत, ते सगळं नंतर. आणि गेम विकणारेही आकडाच सगळ्यात मोठ्या टायपात छापतात. या आकड्यामागे पन्नासेक वर्षांची भानगड आहे, आणि तिच्या मधोमध आहे मिडी मेझ नावाचा सोळा जणांचा गेम. त्यातली १९८७ ते १९९१ ही मधली वर्षं मला जास्त ठाऊक आहेत त्यामुळे तिथेच जास्त रेंगाळणार. मेझ म्हणजे भूलभुलैया, तो खेळाडूच्या डोळ्यांतून दिसला की फर्स्ट पर्सन, याहून जास्त सांगत बसत नाही.

सुरुवातीचं थोडक्यात उरकतो. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या एका अवकाश संशोधन केंद्रात काही शिकाऊ पोरांनी इमलॅक नावाच्या मशीनवर रेषांच्या भिंतींचा एक भूलभुलैया बनवला, तोच मेझ वॉर. आधी एकट्यानेच फिरायचं आणि बाहेर यायचं, त्याचा कंटाळा आल्यावर दोन मशीन केबलने जोडली, मग समोरचा दिसायला लागला आणि दिसतोयच तर गोळी का नको, असं करत करत गेम झाला. पुढच्या वर्षी त्यातला एक जण बॉस्टनकडच्या एका मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकायला गेला, सोबत गेमही गेला, आणि तिथे मोठ्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवून आठ जणांपर्यंत खेळायची सोय झाली. इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क अर्पानेट, त्यावरूनही खेळले लोक. म्हणजे मध्ये एक सर्व्हर आणि भोवती खेळणारे, ही आज सगळीकडे दिसणारी रचना १९७४ मध्येच होती. पण ती मशीन घरात घेऊन कोण बसणार? दुकानात जाऊन विकत घ्यावा असा तो गेमच नव्हता.

दुकानात आला तो मिडी मेझ, १९८७ मध्ये, अटारी एसटी या कॉम्प्युटरवर. एसटी आला १९८५ ला, आठ मेगाहर्ट्झचा ६८००० नावाचा प्रोसेसर, पहिल्या मॉडेलला ५१२ केबी मेमरी. त्याची खासियत अशी की मिडीची दोन सॉकेट, इन आणि आउट, मशीनलाच दिलेली होती. मिडी म्हणजे काय ते गणपतीतल्या बेंजो पार्टीच्या कीबोर्डवाल्याला विचारा, वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत, पाच काड्यांची ती गोल पिन, एका कीबोर्डने दुसरा वाजवायला. १९८३ चं स्टँडर्ड आहे आणि अजून चालतंय. एसटीवर ती सॉकेट होती म्हणून संगीतवाल्यांनी ते मशीन डोक्यावर घेतलं, स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरलं.

आता गेम बनवणाऱ्यांनी काय केलं, तर या संगीताच्या सॉकेटमधून संगीत पाठवलंच नाही. पहिल्या मशीनच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये, दुसऱ्याच्या आउटमधून तिसऱ्याच्या इनमध्ये, असं करत शेवटच्याच्या आउटमधून परत पहिल्याच्या इनमध्ये. रिंग पूर्ण. एक मशीन मास्टर, त्याने नियम ठरवायचे, कोणता भूलभुलैया, किती गुण झाले की जिंकला वगैरे. मग खेळ चालू झाल्यावर प्रत्येक मशीनने आपल्या जॉयस्टिकची हालचाल पुढच्याकडे ढकलायची, मागून आलेली दुसऱ्यांचीही पुढे ढकलायची, आणि सगळ्यांची माहिती सगळ्यांकडे फिरून आली की प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनवर तेच गणित स्वतंत्रपणे करायचं. भिंती, गोळ्या, कोण कुठे उभा आहे, यातलं काहीच केबलमधून जात नाही, जातो फक्त जॉयस्टिक.

आणि हे जमतं का? तर आरामात जमतं, हिशोब करून बघा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट, एका बाइटला ०.३२ मिलिसेकंद. सोळा जणांचे सोळा बाइट एकेका तारेतून जायला पाच मिलिसेकंद आणि थोडं. डोळ्याला कळतसुद्धा नाही. स्क्रीन रंगवायलाच मशीनला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागायचा, म्हणून तर भूलभुलैया अख्ख्या स्क्रीनवर न दाखवता मधल्या छोट्या खिडकीत दाखवला, जेमतेम पाव स्क्रीन. खेळाडूंचे हातपाय वगैरे काही नाही, वेगवेगळ्या रंगांचे हसरे गोल चेहरे. गोल कुठूनही बघितला तरी गोलच दिसतो, काढायला सोपा, प्रोसेसरवर ताण नाही. आजच्या पोरांना ते इमोजीसारखं गोंडस वाटतं पण तो काटकसरीचा मामला होता.

मग रिंगच का, एसटीला मॉडेमचा साधा सीरियल पोर्ट पण होता की, असं विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. माझं मत स्पष्ट आहे, मिडीचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. सीरियल पोर्ट वेगाला कमी, सेकंदाला १९,२०० बिटच्या आसपास संपतो. शिवाय त्यात जाणं-येणं एकाच सॉकेटमध्ये, त्याची रिंग करायची तर केबल कापून डाग देत बसा. मिडीला इन वेगळं, आउट वेगळं, केबल संगीताच्या दुकानात तयार मिळते, पंधरा मीटरपर्यंत चालते. आणि तिसरी गोष्ट जी फारसं कोणी बोलत नाही, मिडीच्या इनमध्ये ऑप्टोकपलर असतो, सिग्नल प्रकाशातून पलीकडे जातो, दोन मशीनमध्ये थेट विजेचा संबंध राहत नाही. सोळा मशीन वेगवेगळ्या बोर्डांवर लावून एकमेकांना जोडायची तर हे फार महत्त्वाचं. जिथे अर्थिंग फक्त इलेक्ट्रिशियनच्या बिलावर असतं अशा घरांत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

तोटा एकच, पण मोठा. रिंग तुटली की सगळं बंद. जाखडी नाचात एकाचा पाय चुकला की अख्खं रिंगण अडखळतं तसंच, कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला, पिन अर्धी बाहेर आली, कुणी मध्येच मशीन रिसेट केलं, की पंधरा जण त्याच्याकडे बघत बसणार. आणि नेमकी कुठली पिन निघाली हे कोणत्याही स्क्रीनवर दिसत नाही, मशीनच्या मागे हात घालून एकेक चाचपायची.

आता सोळा. यावरच जास्त वाद आहे. एक मोठा समज असा की मिडीला १६ चॅनल, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांसाठी वेगळ्या वाटा, असतात म्हणून गेमला १६ खेळाडू. ऐकायला पटतं. पण हा गेम चॅनल वापरतच नव्हता, सूर चालू कर, सूर बंद कर असे मिडीचे नोट ऑन, नोट ऑफ मेसेज त्यात नाहीतच, पोर्टचा उपयोग नुसती वेगवान तार म्हणून केलाय. मास्टर रिंगमधून एक मोजणी सोडतो, प्रत्येक मशीन आकडा एकने वाढवून पुढे देतं, परत आला की कळलं किती जण आहेत. त्यामुळे चॅनलवरून सोळा हे काही खरं नाही. कॉम्प्युटरवाल्यांना सोळा तसाही आवडीचा आकडा, चार बिटांत मावतो.

दुसरा वाद जास्त खरा आहे. सोळा जण खेळले किती वेळा? लाँचच्या वेळी सगळ्यात स्वस्त एसटी, ब्लॅक अँड व्हाईट मॉनिटरसकट, ७९९ डॉलरला होता. सोळा म्हणजे पावणेतेरा हजार डॉलर एका खोलीत. एवढी मशीन एकत्र यायची ती युजर ग्रुपच्या, म्हणजे एसटी वापरणाऱ्यांच्या मंडळाच्या, बैठकीत नाहीतर प्रदर्शनात. घरात दोन-चार. म्हणून गेममध्ये ड्रोन दिले होते, कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू, त्यांची हुशारी कमीजास्त करता यायची. म्हणजे दोन मित्र आणि बाकीचे ड्रोन, तरी भूलभुलैया भरलेला. यावरून काही जण बनवणाऱ्यांना नावं ठेवतात की सोळाचा आकडा नुसता मिरवायला होता. मला ते पटत नाही. गेम सोळा जणांना खरंच चालवत होता, तेवढी मशीन तुमच्याकडे नाहीत हा काही त्याचा दोष नाही. आणि बाजारात आणणारी कंपनीही गेमवाली नव्हती, संगीताचं सॉफ्टवेअर विकणारी होती, तिच्या गिऱ्हाइकाकडे मिडी केबल आधीच होत्या.

आकड्याचा खरा घोळ झाला तो पुढे, १९९१ ला, जेव्हा हाच गेम फेसबॉल २००० नावाने गेम बॉयवर आला. हाताएवढं मशीन, चार मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, राखाडी-हिरवट स्क्रीन आणि त्यावर तेच हसरे चेहरे. इथेही सोळा जणांची सोय ठेवलेली, कोडमध्ये खरोखरच होती. पण गेम बॉयची लिंक केबल दोघांची. चार जणांसाठी वेगळा अडॅप्टर मिळायचा, त्यावर चार जण खेळायचे, आणि दुकानातून घरी आणता येईल तेवढ्यावर गोष्ट तिथेच थांबते. सोळासाठी परत ती जुनी रिंग लागणार, एकाचं आउट दुसऱ्याच्या इनला, आणि तशी केबल बाजारात आलीच नाही. गंमत म्हणजे दोघांच्या केबलमध्येही तारा उलटसुलटच असतात, याचं आउट त्याच्या इनला आणि त्याचं आउट याच्या इनला, म्हणजे ती दोघांची रिंगच झाली, फक्त मोठी करायची सोय नाही. पुढे खूप वर्षांनी हौशी लोकांनी स्वतः केबली कापून-जोडून मोठी रिंग करून बघितली. म्हणजे या वेळी नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत आहे. मिडी मेझवाल्याने सोळा म्हटलं तेव्हा केबल दुकानात होती, इथे आकडा होता आणि केबल नव्हती.

तेव्हा आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं हे सांगायला नकोच. मे महिन्यात किंवा गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी टीव्ही गेम घेऊन यायचे, '९९९ इन १' लिहिलेली काडतुसं, आत गेम मोजून दहा-बारा. आकड्यांच्या बाबतीत फेसबॉलवाले त्यांच्यापुढे साधू म्हणावे लागतील. दोन रिमोट, एक नेहमी बिघडलेला, आणि पाळीसाठी ओटीवर भांडणं.

आपल्या इकडे मल्टिप्लेअर आला तो डूम आणि नंतरच्या काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममुळे, कॉम्प्युटर क्लास आणि सायबर कॅफेतून. डूम १९९३ चा, चार जणांपुरता, पण आतलं गणित तेच, प्रत्येक मशीनने फक्त आपली बटणं पाठवायची आणि खेळ सगळीकडे सारखा चालवायचा. सोळाऐवजी चार म्हणून कुणी रडलं नाही. क्लासमध्ये तेव्हा काळी कोअॅक्स केबल असायची, प्रत्येक मशीनच्या मागे टीच्या आकाराचा कनेक्टर, दोन्ही टोकांना टर्मिनेटर म्हणजे बूच. ती रिंग नव्हती, सरळ ओळ होती, पण दुखणं तेच, मध्ये एक जोड ढिला झाला की अख्खी लॅब खाली. झाडू मारणाऱ्या मावशींनी टेबल सरकवलं की सरांचं नेटवर्क गेलं, हे ज्यांनी त्या काळात क्लास केलाय त्यांना आठवत असेल. पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवं चढायचं, खोबरेल लावल्यासारखं चमकणारं पितळ जून-जुलैत काळं पडायचं, सर ते पेन्सिलच्या खोडरबरने घासून परत लावायचे. मग हब आले, स्विच आले, म्हणजे मध्ये एक डबी आणि प्रत्येकाची तार तिच्यापर्यंत वेगळी झाली, एकाची निघाली तरी बाकीचे खेळत राहिले. ज्याची निघाली तो "थांबा रे" म्हणून ओरडायचा आणि कोणी थांबायचं नाही.

त्या कोअॅक्स केबलींचे डबे माझ्या ओळखीतल्या एका चिपळूणच्या कॅफेवाल्याने कॅफे बंद केल्यावरही माळ्याखाली जपून ठेवले होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात गेले. तसेही पुन्हा कोणी वापरणार नव्हतं म्हणा.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खोलीत एकत्र जमायची गरजच संपली. सर्व्हर परत मध्ये आला, १९७४ सारखा, फक्त आता तो मुंबईला नाहीतर सिंगापूरला. आणि आकडा कुठच्या कुठे गेला, शंभर जण एका मैदानात. आता त्या शंभरातले बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले, किती हे पोरांना विचारा, नवीन आयडीने पहिला डाव खेळला की समोर कोण येतं ते ती हसत सांगतील. सरळ रेषेत चालणारे, भिंतीला धडकणारे, हातात बंदूक असून न मारणारे. मिडी मेझने निदान मेनूत लिहिलं होतं की हे ड्रोन आहेत आणि यांची हुशारी इतकी.

सध्या आपल्याकडे कॉलेजची जी पोरं स्वतःचे मेझ गेम करतायत, कुणी सिंधुदुर्गाच्या तटबंदीवरून नकाशा घेतलाय, कुणी जुन्या चौसोपी वाड्याचा, त्यांच्यापुढे तीच दोन वाटांची निवड आहे. सर्व्हर घ्यायचा तर दर महिन्याचं भाडं, आणि वर पावसात लाईट आणि टॉवर दोन्ही गेले की गेम मेला. नाहीतर एकाच्या फोनचा हॉटस्पॉट लावायचा आणि बाकीच्यांनी त्याला जोडायचं, नेट नसलं तरी चालतं, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना पण चालतं. बहुतेक फोनचा हॉटस्पॉट आठ-दहा जणांच्या पुढे घेत नाही. तेव्हा हॉटस्पॉटच घ्या आणि पोस्टरवर आठच छापा, असं मी त्यातल्या दोघांना सांगून बघितलं. एकाला पटलं. दुसरा म्हणतोय सोळा छापू, बाकीचे ड्रोन टाकू.