धाकाचा भाव : आइस हॉकीतला एन्फोर्सर संघाला किती मोलाचा?

३ मे २०२१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क रेंजर्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स यांचा सामना चालू होता. गोलजाळ्यापाशी झटापट झाली. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने खाली पडलेल्या एका खेळाडूला ठोसा लगावला आणि मग आर्तेमी पानारिन या रेंजर्सच्या सर्वांत गुणी खेळाडूला बर्फावर आपटलं. पानारिनचा हंगाम तिथेच संपला. लीगने विल्सनला ५ हजार डॉलर दंड केला, सामनाबंदी केली नाही. दोन दिवसांनी हेच संघ त्याच रिंकवर पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या झाल्या. रेंजर्सनी हिशेब चुकता केला खरा, पण सामना ते २-४ असा हरले. त्या उन्हाळ्यात त्यांनी रायन रीव्ह्ज नावाचा खेळाडू मिळवला. तेव्हा तो चौतिशीत होता, गोल क्वचित करायचा, पण त्याच्याशी दोन हात करायला फारसं कुणी धजत नसे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंदांची मैदानी हॉकी डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक लीगचा. या खेळात मारामारीला नियमातच जागा आहे. १९२२ पासून ठोसेबाजीला पाच मिनिटांची शिक्षा ठरलेली आहे. दोघंही हातमोजे फेकून भिडले तर दोघंही पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतात आणि दोन्ही संघ पूर्ण संख्येनिशी खेळत राहतात. राजीखुशीच्या मारामारीत कुठल्याच संघाचं संख्याबळ घटत नाही. मारामारी हेच ज्याचं मुख्य काम, असा खेळाडू संघात बाळगणं परवडायचं ते या तरतुदीमुळे. त्यालाच एन्फोर्सर म्हणतात.

त्याचं काम धाक बसवण्याचं. १९८० च्या दशकात एडमंटन ऑइलर्सकडे वेन ग्रेट्झ्की होता, आणि त्याच्या केसाला धक्का लावाल तर गाठ माझ्याशी आहे, हे सांगायला आधी डेव्ह सेमेन्को आणि मग मार्टी मॅकसॉर्ली होते. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिस किंग्जकडे धाडण्यात आलं तेव्हा मॅकसॉर्लीही त्याच सौद्यात गेला. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूसोबत त्याचा रक्षकही जातो, यावरून त्या काळी या कामाला किती मान होता हे कळतं. त्याआधी, १९७४-७५ च्या हंगामात, फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या डेव्ह शुल्ट्झने ४७२ मिनिटांच्या शिक्षा भोगल्या आणि त्याच्या संघाने सलग दुसऱ्यांदा स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. दांडगाई आणि विजेतेपद हातात हात घालून आले, की लोक एकाला दुसऱ्याचं कारण मानू लागतात.

ते कारण होतं का, हे तपासणं अवघड आहे. धाकाचा परिणाम न घडलेल्या गोष्टींमध्ये असतो. सोसायटीच्या पहारेकऱ्यामुळे किती चोऱ्या टळल्या, हे वहीत लिहिता येत नाही; तसंच एन्फोर्सरमुळे किती कोपरं, किती आडव्या काठ्या आपल्या खेळाडूंच्या तोंडावर बसायच्या राहिल्या, हे गुणपत्रकात येत नाही. म्हणूनच ही समजूत इतकी वर्षं टिकली. प्रशिक्षक म्हणायचे, 'तो बाकावर बसलेला असतो तेव्हा आमची पोरं निर्धास्त खेळतात.' हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. निर्धास्त वाटणं ही खेळाडूच्या दृष्टीने खरी गोष्ट आहे. पण निर्धास्त वाटणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं.

न घडलेलं मोजता आलं नाही, तरी घडलेलं मोजता येतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मायकेल बेट्झ यांनी २०१० ते २०१९ या काळातल्या एनएचएलच्या शिक्षांच्या नोंदी अभ्यासल्या आणि निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. धाकाचा सिद्धांत खरा असेल तर भांडकुदळ संघांविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांनी हिंस्र फाउल कमी करायला हवेत, आणि एका मारामारीनंतर उरलेला सामना शांत व्हायला हवा. आकड्यांत तसं काही दिसलं नाही. उलट जास्त मारामाऱ्या करणारे संघ आणि खेळाडूच हिंस्र फाउलही जास्त करताना आढळले. लीगमध्ये वर्षानुवर्षं जे पोलिसाचं काम समजलं गेलं, ते करणाऱ्यांच्याच नावावर गुन्हे अधिक निघाले.

मला याहून बोलका वाटतो तो संघांनी स्वतःच दिलेला पुरावा. स्टॅन्ले कपची बाद फेरी सुरू झाली की मारामाऱ्या घटतात आणि एन्फोर्सर बहुतेकदा संघाबाहेर बसतो. ज्या महिन्यांत प्रत्येक गोल मोलाचा, प्रतिस्पर्धी तोच, सामने लागोपाठ आणि खुन्नस सर्वाधिक, त्याच महिन्यांत रक्षकाची गरज सर्वांत जास्त असायला हवी. प्रशिक्षक नेमके तेव्हाच त्याची जागा स्केटिंग करता येणाऱ्या खेळाडूला देतात. व्यवस्थापनाचं खरं मत काय आहे, ते इथे कळतं.

त्या जागेची किंमत काढून पाहू. सामन्याला संघ १८ खेळाडू आणि दोन गोलरक्षक उतरवतो. त्यांत साधारणपणे १२ आघाडीचे असतात, तिघातिघांच्या चार फळ्या करून. एन्फोर्सर चौथ्या फळीत. बर्फावर पूर्ण वेगाने खेळताना पाऊण-एक मिनिटात दम संपतो, म्हणून फळ्या सतत बदलत राहतात. चौथ्या फळीतला माणूस दहा-बारा मिनिटं खेळू शकला तर वरच्या फळ्यांना विसावा मिळतो. तो पाच-सहा मिनिटांपलीकडे भरवशाचा नसेल, तर ती उरलेली मिनिटं दमलेल्या पायांनी दुसरं कुणीतरी भरून काढतं. समजा, एन्फोर्सर सामन्याला सहा मिनिटं याप्रमाणे ७० सामने खेळला. झाली ४२० मिनिटं, म्हणजे सात तास. त्याच्या जागी एखादा साधा, धडपड्या खेळाडू असता तर दर तासामागे संघाचं गोलांचं गणित एकाने सुधारलं असतं, असं धरू. मग हंगामात सात गोलांचं नुकसान झालं. हॉकीचे आकडेतज्ज्ञ ढोबळमानाने सहा गोलांचा फरक म्हणजे एक विजय, अर्थात दोन गुण, असं मानतात. त्यात त्याने ओढवून घेतलेल्या दोन-दोन मिनिटांच्या शिक्षा मिळवा. एक खेळाडू कमी असताना प्रतिस्पर्धी साधारण पाचातून एकदा गोल करतो. म्हणजे अशा पाच जादा शिक्षांमागे आणखी एक गोल. दोन-अडीच गुण ऐकायला किरकोळ वाटतात, पण बाद फेरीत कोण जाणार हे अनेकदा तेवढ्यावर ठरतं.

हे गणित पूर्वीही असंच होतं. मग एन्फोर्सर आताच का मोडीत निघाला? पहिला घाव १९९२ चा. त्या वर्षी मारामारी उकरून काढणाऱ्याला वाढीव दोन मिनिटांची शिक्षा लागू झाली आणि एकतर्फी सूड महागला. पण खरा बदल घडला २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात बुडाला त्यानंतर. परत आलेल्या खेळात धरपकड आणि अडवणुकीला पंच कडक शिक्षा देऊ लागले, लांब पासवरची बंधनं सैल झाली, आणि खेळाचा वेग एकदम वाढला. जडशीळ माणूस मागे पडू लागला. त्याच वेळी संघांवर वेतनमर्यादा आली, पहिल्या वर्षी ३९ दशलक्ष डॉलरची. खर्चाला छत आलं की प्रत्येक जागेचा हिशेब होतो. २००८-०९ मध्ये लीगमध्ये सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांनी आकडा सव्वादोनशेच्या आसपास आला.

कोल्टन ऑर या एन्फोर्सरचं उदाहरण या उताराचं. टोरोंटो मेपल लीफ्सनी २००९ मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा ४० लाख डॉलरचा करार केला. जानेवारी २०१२ मध्ये त्याला खालच्या लीगमध्ये धाडताना सरव्यवस्थापक ब्रायन बर्क पत्रकारांसमोर भावुक झाले. लपूनछपून वार करणाऱ्यांना आता मोकळं रान मिळेल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. आपल्या माणसासाठी असा जीव तुटणारा व्यवस्थापक मला भावतो, पण त्याचा निर्णय त्याच्या शब्दांच्या विरुद्ध होता. ऑर परत आला, खेळलाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये हंगामाच्या पहिल्याच रात्री माँट्रियालच्या जॉर्ज पॅरोसशी त्याची दुसऱ्यांदा जुंपली. ऑर पडला, त्याच्यासोबत पॅरोस तोंडावर बर्फावर आदळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रिन्स्टनचा अर्थशास्त्राचा पदवीधर असलेला हा पॅरोस २०१७ पासून लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागाचा प्रमुख आहे. विल्सनला केवळ दंडावर सोडणारा विभाग तोच.

रीव्ह्जचा बाजारभाव तर पायरीपायरीने उतरताना दिसतो. २०१७ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सनी सिडनी क्रॉस्बी या आपल्या हुकमी खेळाडूच्या संरक्षणासाठी त्याला घेतलं. बदल्यात पहिल्या फेरीतली ड्राफ्ट निवड (म्हणजे नवोदितांतून खेळाडू उचलण्याचा हक्क; फेरी जितकी आधीची तितका तो मोलाचा) आणि एक तरुण खेळाडू दिला; सोबत दुसऱ्या फेरीतली निवड परत मिळाली. त्याआधीची दोन विजेतेपदं पिट्सबर्गने अशा रक्षकाविनाच जिंकली होती. वर्षभराच्या आत त्यांनी त्याला व्हेगासला देऊन टाकलं. २०२१ मध्ये रेंजर्सनी त्याच्यासाठी तिसऱ्या फेरीतली निवड मोजली, आणि २०२२ मध्ये मिनेसोटाला तो पाचव्या फेरीतल्या निवडीला मिळाला. रीव्ह्ज निव्वळ ठोसेबाज नव्हता, हेही सांगायला हवं; २०१८ मध्ये व्हेगासला त्या संघाच्या पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत नेणारा निर्णायक गोल त्याचा होता. इतकं खेळता येत होतं म्हणूनच तो इतरांपेक्षा जास्त टिकला.

इथवरचा हिशेब संघाचा झाला. खेळाडूच्या देहावर जे खर्ची पडतं ते या वहीत कुठेच नाही, आणि मला सर्वांत जास्त सलतं ते हे.

डोक्यावर ठोसा बसतो तेव्हा कवटी झटक्यात फिरते आणि आतला मऊ मेंदू मागे राहून ओढला जातो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, ही ओढाताण मात्र थांबवू शकत नाही. मेंदूपेशींच्या लांब तंतूंना आधार देणारं टाऊ नावाचं प्रथिन अशा ताणाने जागचं सुटतं. वर्षानुवर्षं हे घडत राहिलं की त्याच्या गुठळ्या साचतात, आधी मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. या आजाराला सीटीई म्हणतात. स्मृती, राग, झोप, मनःस्थिती सगळं हळूहळू ढासळतं, आणि पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

डेरेक बोगार्ड हा सहा फूट सात इंचांचा मुलगा कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतात वाढला. पंधरा-सोळाव्या वर्षी मेलफर्ट गावातल्या एका सामन्यात तो चिडून थेट प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर चालून गेला, आणि तिथेच निवडकर्त्यांची नजर त्याच्यावर पडली. एनएचएलच्या २७७ सामन्यांत त्याने तीन गोल केले. २०१० मध्ये रेंजर्सनी त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर देऊ केले. त्याच डिसेंबरमध्ये एका मारामारीत डोक्याला मार बसला आणि तो पुन्हा खेळला नाही. १३ मे २०११ रोजी दारू आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या मिश्रणाने त्याचा मृत्यू झाला. वय २८. बॉस्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकी यांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा त्यात सीटीई आढळला, इतक्या कोवळ्या वयाच्या मानाने बराच पुढे गेलेला.

एका माणसावरून नियम सांगता येत नाही. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६७ नंतरच्या सहा हजारांवर एनएचएल खेळाडूंच्या नोंदी घेतल्या. कारकिर्दीत ५० किंवा अधिक मारामाऱ्या केलेले ३३१ जण बाजूला काढले आणि त्यांच्याशी साधर्म्य असलेल्या इतर खेळाडूंशी त्यांची तुलना केली. मृतांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मात्र जे गेले ते एन्फोर्सर सरासरी ४७.५ व्या वर्षी गेले, आणि इतर ५७.५ व्या. मृतांची संख्या लहान आहे, त्यामुळे हा आकडा जपून वापरावा. तरीही दहा वर्षांचा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही. दुसऱ्या बाजूने, २०२४ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने ७७ दिवंगत पुरुष हॉकीपटूंचे मेंदू तपासून दाखवलं, की खेळाच्या दर वाढीव वर्षागणिक सीटीईची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे दोष एकट्या ठोशांचा नाही; कुंपणावर आदळणं, अंगावर येणारे धक्के, सगळंच साचत जातं. एन्फोर्सर त्यावर ठोशांची भर घालून घेतो, आणि त्याची कारकीर्द उतरणीला लागते तेव्हा ती भर सर्वांत धोक्याची असते. हात मंदावलेले, चुकवण्याची चपळाई गेलेली, समोर नाव कमवायला आलेला विशीतला पोरगा, आणि जुना दरारा टिकवायचा म्हणून मागे हटायची सोय नाही.

संघांनी यातून वाट काढली ती दोन्ही कामं करणाऱ्या खेळाडूंची. ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू झाली तो विल्सन २०२४-२५ च्या हंगामात ३० हून अधिक गोल करून गेला. त्याच्या वाटचं खेळणं कमी करून कुणाला धाक विकत घ्यावा लागत नाही. निव्वळ ठोशांवर जगणाऱ्यांचा पुरवठा मात्र मुळाशीच आटतो आहे. क्वेबेक आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संघांची ज्युनियर लीग, जिथून एनएचएलला दरवर्षी खेळाडू मिळतात, तिने २०२३ पासून मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली. त्या लीगमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आता मुठींच्या जोरावर संघात जागा मिळवता येत नाही.