प्रोसेसर बदलता येईल हो, पण तुम्ही बदलणार आहात का?

नव्या सॉकेटचाच (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पीसी घ्या, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल, असा सल्ला पीसी घेताना मिळतो, त्याबद्दल हे. २०१७ मध्ये मी आणि माझ्या मावसभावाने थोड्याफार अंतराने पीसी असेंबल केले. त्याने इंटेलचा आय५-७५०० प्रोसेसर घेतला, मी एएमडीचा रायझन ५ १६००. त्याचे ४ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), माझे ६ कोर १२ थ्रेड (म्हणजे एकेक कोर दोन कामं सांभाळणारा), पण एकेका कोरचा वेग त्याचा जास्त, त्यामुळे तेव्हा तरी त्याने काही चूक केली असं कोणी म्हणलं नसतं.

मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे ६ कोरवाले चिप आले. सॉकेट नावाला तेच, एलजीए ११५१, पण भावाच्या मदरबोर्डवर ते चालणार नव्हते, ३०० सीरिजचा नवा बोर्ड हवा होता. कारण दिलं गेलं की कोर वाढले म्हणून वीजपुरवठ्याच्या पिनांची मांडणी बदलली (पुढे काही हौशी लोकांनी बायॉसमध्ये (पीसी सुरू करणारा बोर्डवरचा मूळ प्रोग्राम) फेरफार करून तेच चिप जुन्या बोर्डवर चालवून दाखवले हा भाग वेगळा). माझा बी३५० बोर्ड एएम४ सॉकेटचा, त्याला २०२२ मध्ये बायॉस अपडेट आलं, मी रायझन ५ ५६०० आणून बसवला, रॅम तीच, बोर्ड तोच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा त्याचा सातव्या पिढीचा चिप विंडोज ११ च्या यादीत नव्हता, माझा जुना १६०० पण नव्हता, पण ५६०० होता.

आता यावरून एएमडीच घ्या असं मी म्हणत नाहीये. मे २०२० मध्ये एएमडीनेच सांगितलं होतं की रायझन ५००० सीरिज ४०० सीरिजच्या बोर्डवर चालणार नाही, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा निर्णय बदलला, आणि एएमडीच्या ३०० सीरिजवाल्यांना (माझा बी३५० त्यातलाच) तर २०२२ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे कंपनीचा शब्द हा शब्दच असतो, बिलावर छापून येत नाही.

मुळात सॉकेट बदलावं का लागतं ते समजलं की निम्मा गोंधळ जातो. पूर्वी रॅमशी बोलायचं काम मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपकडे असायचं, पण एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो मेमरी कंट्रोलर डेस्कटॉप प्रोसेसरच्या आत घेतला. त्याने वेग वाढला, पण रॅमच्या तारा थेट सॉकेटमधून जायला लागल्या, त्यामुळे रॅमची पिढी आणि सॉकेट यांची गाठ पडली. एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ ही नवी रॅम चालते, आधीची डीडीआर४ नाही, ते म्हणूनच. आणि २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जे भडकले ते बघता, हातातली डीडीआर४ पुढे वापरता येते का हा प्रश्न प्रोसेसरच्या किमतीइतकाच मोठा झालाय.

दुसरी गोष्ट विजेची, आणि इथे लोक फसतात. प्रोसेसरला साधारण १.२ व्होल्ट लागतात, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) देतो १२, मधलं रूपांतर बोर्डवरचा व्हीआरएम करतो. १२० वॉट खाणारा चिप १.२ व्होल्टवर १०० अँपिअर ओढतो, विचार करा, घरातल्या गीझरचा एमसीबी साधारण २० अँपिअरचा असतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. आज सगळ्यात स्वस्त बोर्ड घ्यायचा आणि चार वर्षांनी त्यावर १६ कोरचा चिप ठोकायचा हा बेत मे महिन्यातल्या नागपुरात व्हीआरएम तापून वेग पडण्यातच संपतो. अपग्रेड करायचंच असेल तर पैसे बोर्डवर घाला.

हिशोब असा करून बघा. समजा नव्या सॉकेटचा सेट जुन्यापेक्षा १० हजारांनी महाग पडतोय. पाच वर्षांत एकदा प्रोसेसर बदललात तर ते वसूल, कारण बोर्ड आणि रॅम वाचली. नाही बदललात तर ते १० हजार तुम्ही न वापरलेल्या सोयीसाठी दिले, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी पीसी घेतल्यावर कॅबिनेटचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. टॅली, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर आय५-१२४०० आणि डीडीआर४ बोर्ड आजही मस्त आहे (पण वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर नावाच्या शेवटी एफ असलेला चिप घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं).

शिवाय जुना सॉकेट म्हणजे रस्ता बंद असं नाही. त्याच सॉकेटचे वरचे चिप नंतर सेकंडहँड मिळतात. एएम४ वर २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हे माझं आवडतं उदाहरण. तो का भारी ते बघा. ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोक्यांच्या कोरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा, तेवढ्यात प्रकाश जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. रॅममधून डेटा यायला ७०-८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे कोर तीनशेएक ठोके नुसता वाट बघत बसतो. या चिपमध्ये ३२ एमबी एल३ कॅशवर (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ६४ एमबीचा आणखी एक थर रचला, एकूण ९६, त्यामुळे रॅमकडे जायच्या खेपाच कमी झाल्या आणि पाच वर्षं जुन्या सॉकेटवर गेम असे पळायला लागले की भल्याभल्या नव्या चिपना घाम फुटला.

मावसभाऊ आता व्हिडिओ एडिटिंग शिकतोय, कोर वाढवायची गरज त्याला नक्की पडणार, म्हणून त्याला एएम५, रायझन ५ ७६०० आणि चांगल्या व्हीआरएमचा बी६५० बोर्ड सांगितलाय, रॅमच्या चार स्लॉटपैकी दोनच भर म्हणलं. आणि एएम४ वरच थांबणाऱ्यांनी एवढं करा, बायॉस जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करा, मग पीसी थोडा गरम होऊ द्या, बंद करा, आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच फिरवत काढा, नाहीतर मधल्या थर्मल पेस्टमुळे कूलरला चिकटून प्रोसेसर पिनांसकट उपटून बाहेर येतो.