क्लच दाबल्यावर आवाज होतो की जातो?

सप्टेंबरात कासची फुलं सुरू झाली की सोमवारी आमच्या गॅरेजवर गर्दी असते. आदला दिवस यवतेश्वरच्या घाटात, रांगेत, हाफ क्लचवर गेलेला असतो. गाडी दारात लावायची, किल्ली टेबलावर ठेवायची आणि सांगायचं, "रिलीज बेअरिंग गेलंय, नवं टाकून ठेवा." (पेडल दाबल्यावर क्लच सोडवतं ते हे बेअरिंग.) आवाज ऐकवायला कुणी थांबत नाही.

पार्टचं नाव आम्ही शोधू, तुम्ही आवाज सांगा. हा कागद त्यासाठीच छापलाय.

एका दूधवाल्या काकांनी असंच बेअरिंगचं नाव सांगितलं होतं. आम्हीही घाईत होतो, मान डोलावली. गिअरबॉक्स उतरवला, नवं बेअरिंग टाकलं, संध्याकाळी गाडी दिली. सकाळी रतीब घालून काका परत दारात. घरघर जशीच्या तशी. गेलं होतं ते गिअरबॉक्सच्या आतलं, इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सात आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. गिअरबॉक्स पुन्हा खाली. दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही, कारण न ऐकता हात घातला ही आमची चूक. पण काकांना दोन दिवस भाड्याच्या टेम्पोनं दूध घालावं लागलं. तेव्हापासून मालकासमोर गाडी चालू करून ऐकल्याशिवाय आम्ही काम लिहून घेत नाही. काहींना हा नखरा वाटतो. वाटू दे.

घरीही ऐकता येतं. सकाळी इंजिन थंड असताना हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, एसी आणि गाणी बंद. क्लचवरून पाय काढून गाडी चालू करा. गाडी जागेवर असली तरी अशा वेळी इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच पूर्ण दाबला की तो थांबतो आणि जोर रिलीज बेअरिंगवर येतो. म्हणजे दाबल्यावर घरघर गेली तर दुखणं बहुधा गिअरबॉक्सच्या आत. दाबल्यावर किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगचा संशय. "क्लच दाबला की आवाज बदलतो" एवढंच सांगितलंत तर आम्हाला काहीच कळत नाही.

खरी गोम पुढे आहे. बऱ्याच गाड्यांत रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाला) कायम हलकं टेकलेलं असतं. ते झिजलं की पाय काढलेला असतानाच चिमणीसारखं चिवचिवतं आणि पेडलवर पाय नुसता टेकवला तरी गप्प होतं. म्हणून पाय टेकवताच आवाज थांबतो की पेडल खाली गेल्यावर, हे नीट बघा. काकांचा आवाज पेडल पार खाली गेल्यावर थांबत होता. हे त्या दिवशी विचारलं असतं तर!

रिव्हर्स टाकताना खर्रकन वाजतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारा भाग, नसतो. क्लच दाबून मनात तीन अंक मोजा आणि मग टाका. तरीही वाजलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल किंवा हायड्रॉलिकचं काम असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. रिव्हर्समध्ये जाताना येणारा हूंऽऽ आवाज मात्र सरळ दातांच्या गिअरचा. त्यावर पैसे घालू नका.

वळताना टकटक होत असेल तर अॅक्सलचा जॉइंट बघावा लागतो. वेगाबरोबर गुणगुण वाढते आणि न्यूट्रलला गाडी घरंगळतानाही राहते, तेव्हा आधी चाकाची बेअरिंगं तपासतो.

एक विनंती. आमच्याकडे येण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून गिअरबॉक्समध्ये १४० नंबरचं जाड ऑईल ओतू नका. आवाज तेवढ्यापुरता दबतो, सकाळी गिअर घट्ट पडतात आणि आमचा ऐकण्याचा रस्ताच बंद होतो. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच ऑईल चालतं.

"बेअरिंग सांगितलं होतं, क्लच प्लेट कशाला?" असंही विचारलं जातं. बराचसा खर्च गिअरबॉक्स उतरवून चढवण्याचा असतो. प्लेट झिजून रिव्हेटपर्यंत आली असेल तर थोड्या महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरायची, म्हणून सुचवतो. प्लेट चांगली असेल तर तीच परत बसवतो. उतरवलेले जुने पार्ट पिशवीत घालून देतो. घरी न्या, हवं तर दुसऱ्या मेस्त्रीला दाखवा.

आवाज फक्त सकाळीच येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा. मागच्या शेडमध्ये चार गाड्यांची जागा आहे, त्याचे पैसे घेत नाही. सकाळी आठला तुम्ही या, स्टार्टर तुमच्यासमोरच मारू.