ब्रॅन्सन: तळ्याकाठच्या संध्याकाळींतून वाढलेलं गाण्यांचं गाव

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, दक्षिण सीमेलगतच्या ओझार्क डोंगरात ब्रॅन्सन हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती १३,००० च्याही आत होती. एवढ्याशा गावात डझनावारी नाट्यगृहं आहेत, सकाळी दहाचे खेळ होतात आणि बस भरभरून येणारे प्रेक्षक कंट्री संगीत (अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं लोकवळणाचं गाणं), भक्तिगीतं आणि विनोदी प्रवेश एकाच तिकिटात पाहून जातात. कुण्या बड्या कंपनीने आखणी करून हे उभं केलं असावं, असं पाहुण्याला वाटतं. प्रत्यक्षात या प्रयोगांची सुरुवात इथल्याच घरांनी केली, आणि तीही दिवसभर मासे पकडून आलेल्या माणसांनी रात्री करायचं काय, एवढ्या साध्या अडचणीतून.

त्याआधी इथे माणसं आणली ती एका कादंबरीने. हॅरल्ड बेल राइट हे धर्मोपदेशक प्रकृतीसाठी या डोंगरात येऊन एका शेतकरी जोडप्याकडे राहत. इथल्याच माणसांवर बेतलेली त्यांची ‘द शेफर्ड ऑफ द हिल्स’ १९०७ साली आली आणि अफाट खपली. नेमका त्याच सुमारास व्हाइट नदीच्या खोऱ्यातला रेल्वेमार्ग पुरा झाला होता. त्यामुळे वाचक नुसते हळहळले नाहीत, गाडीत बसून कथेतली घरं शोधत आले. १९१३ मध्ये विजेसाठी पॉवरसाइट धरण बांधलं गेलं आणि त्यामागे टेनीकोमो तळं तयार झालं. टेनी काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) आणि मिसुरीचं लघुरूप ‘मो’ यांची सांगड घालून हे नाव केलेलं आहे. पोहायला, होडी फिरवायला लोक येऊ लागले.

१९५८ मध्ये वरच्या अंगाला टेबल रॉक धरण पूर्ण झालं आणि चित्र पालटलं. नव्या जलाशयाच्या तळातून सोडलेलं पाणी गार असे, त्यामुळे खालचं टेनीकोमो बर्फासारखं थंड झालं. पोहण्याची मजा गेली. पण थंड पाण्यात ट्राउट मासा उत्तम जगतो. वर मोठा जलाशय, खाली ट्राउट, म्हणजे गळ घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. काळोख पडला की मात्र त्यांना गावात करायला काहीच नसे.

मेब आडनावाच्या चार भावांनी १९५९ साली गाण्याचे प्रयोग सुरू केले ते या माणसांसाठी. घडीच्या पन्नासेक खुर्च्या, गिटार, कपडे धुण्याचा टब उलटा करून केलेला बास (खर्जाचं तंतुवाद्य), कपडे घासायची फळी आणि खेचराच्या जबड्याचं हाड, एवढा त्यांचा सरंजाम. नाव घेतलं ‘बाल्डनॉबर्स’. १८८० च्या दशकात याच काउंटीत गुंडांना धडा शिकवायला निघालेली आणि पुढे स्वतःच दहशत झालेली एक टोळी होती. उघड्याबोडक्या टेकडीवर, इंग्रजीत ‘बाल्ड नॉब’वर, ती जमत असे, म्हणून हे नाव पडलं. रक्तरंजित आठवणीचं नाव हसऱ्या मंडळींनी उचललं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, दोन गोष्टी घडल्या. राइटच्या कादंबरीचं नाट्यरूप उघड्या रंगमंचावर सुरू झालं, आणि मार्व्हल गुहेच्या तोंडाशी सिल्व्हर डॉलर सिटी ही जुन्या वळणाची वस्ती उभी राहिली. ती गुहा शिकागोकडच्या हर्शेंड कुटुंबाने १९५० मध्ये भाडेपट्ट्याने घेतली होती. तिथे सुटे पैसे म्हणून चांदीचे डॉलर देत. पाहुणा वाटेत ते खर्च करी, घेणारा विचारी, ‘हे कुठून आणलं?’ आणि गावाची जाहिरात आपोआप होई.

प्रेस्ली कुटुंबाने १९६७ मध्ये हायवे ७६ वर पहिलं नाट्यगृह बांधलं. त्याआधी ते एका गुहेत कार्यक्रम करत. इमारतीची जमीन सपाट ठेवली होती, कारण गाणं चाललं नाही तर तिथे होड्या ठेवायच्या असं ठरलेलं होतं. वर्षभरात मेब बंधूही त्याच रस्त्यावर आले.

या प्रयोगांचा ढाचा कुटुंबातूनच घडला. बाप बासवर, मुलगा गिटारवर, सून तिकीट खिडकीत, पोरं मक्याच्या लाह्या विकायला. मध्यंतरात गायक स्वतः प्रेक्षकांत येऊन बोलणार. दारू नाही, आजी आणि नातवंड शेजारी बसून ऐकू शकतील असंच सगळं. आणि ढगळ विजार, वाकडी टोपी, दात पडलेला असा सोंगाड्या हवाच. डोंगरी माणूस अडाणी, ही शहरवाल्यांची जुनी चेष्टा. ती ओझार्कच्या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतली, पण हसं कुठे होणार हे त्याने ठरवलं; बहुतेक विनोदांत शेवटी शहरी पाहुणाच फसतो. मला तो शहाणपणाचा डाव वाटतो.

इथे विकली जाणारी ‘जुन्या चांगल्या दिवसां’ची आठवण मात्र मला अर्धीच वाटते. रेल्वेमार्ग पुरा होत होता त्याच १९०६ साली उत्तरेकडच्या स्प्रिंगफील्डमध्ये जमावाने तीन कृष्णवर्णीय तरुणांना ठार केलं आणि अनेक कुटुंबं तो भाग सोडून गेली. ओझार्क इतका गोरा का राहिला, याचं एक कारण इथे आहे. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय कंट्री गायकाच्या नावाचं नाट्यगृह ब्रॅन्सनमध्ये १९९० च्या दशकात उभं राहिलं, तेव्हा हा इतिहास जाणणाऱ्याला त्याचं मोल कळलं असणार.

मोठी नावं उशिरा आली. १९८३ मध्ये कंट्री गायक रॉय क्लार्कच्या नावाने नाट्यगृह उघडलं, १९८७ मध्ये दुसरा कंट्री गायक बॉक्सकार विली आला. गायकाला हे फार सोयीचं होतं: वर्षभर बसमध्ये झोपून गावोगाव फिरण्याऐवजी तो आपल्या घरी निजायचा आणि बसने प्रेक्षक त्याच्याकडे यायचे. जपानमध्ये विद्यार्थी असताना कंट्रीचा फिडल, म्हणजे व्हायोलिन, ऐकून वेडावलेले शोजी ताबूची इथले सर्वांत लाडके वादक झाले. डिसेंबर १९९१ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणीवरच्या वृत्तकार्यक्रमाने गावावर वृत्तांत दाखवला आणि मग दोनच मार्गिकांच्या हायवे ७६ वर गाड्या तासन्‌तास अडकू लागल्या. १९९२ मध्ये अँडी विल्यम्सने मून रिव्हर थिएटर उघडलं. तो कंट्रीचा गायक नव्हता, म्हणून गाव आता कंट्रीपुरतं उरलं नाही हे तेव्हाच दिसलं.

त्या ताऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत, त्यांच्या इमारतींत दुसरेच खेळ चालतात. २००८ मध्ये बायबलमधल्या कथांचं भव्य नाट्यगृह आलं, जुन्या गायकांच्या नकलांचे कार्यक्रम वाढले. प्रेस्लींच्या घरची चौथी पिढी मात्र त्याच रस्त्यावर गाते आहे.