अनियंत्रित लैंगिक वर्तन : मदत आणि उपचार (नाशिक)

लैंगिक ओढ पुन्हापुन्हा अनावर होणे, थांबायचे ठरवूनही थांबता न येणे आणि त्यापायी काम, तब्येत, पैसा किंवा संसार यांची हानी होत राहणे, या अवस्थेला अनियंत्रित लैंगिक वर्तनाचा विकार म्हणतात. मराठीत काही जण ‘सक्तीचे लैंगिक वर्तन’ असा शब्द वापरतात. तो टाळलेला बरा, कारण त्यातून दुसऱ्यावर केलेली सक्ती असा भलताच अर्थ निघतो. इथे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो. बोलताना लोक ‘सेक्सचं व्यसन’ किंवा ‘पॉर्नचं व्यसन’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र याला व्यसनांत न धरता आवेग-नियंत्रणाच्या, म्हणजे मनातली उसळी आवरता न येण्याच्या विकारांत ठेवले आहे. संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याचा संकेतांक ६सी७२ असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या आपल्या २०१३ च्या नियमावलीत असे निदान घेतले नव्हते. तज्ज्ञांमधला वाद अजून चालू आहे.

निदानासाठी हे वर्तन साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेले असावे लागते. इच्छा जास्त असणे हा आजार नाही, आणि हस्तमैथुन तर नाहीच. वर्गीकरणात एक अट स्पष्ट लिहिली आहे : त्रास केवळ ‘हे पाप आहे’ या भावनेतून होत असेल, तर निदान करता येत नाही. आपल्याकडे ही अट फार मोलाची आहे. वीर्य गेले की ताकद गेली, या समजातून येणाऱ्या खंगण्याला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. आठवड्यातून दोनदा हस्तमैथुन करून स्वतःला व्यसनी ठरवणारा विशीतला मुलगा आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये दिवसातून चार वेळा मोबाइल घेऊन जाणारा, पगार कापला जाऊनही न थांबणारा गृहस्थ, या दोघांचे दुखणे वेगळे आहे. पहिल्याला बहुधा नीट माहिती पुरते.

डॉक्टरांना आणखीही काही तपासावे लागते. बायपोलर विकारात, म्हणजे मन कधी फार चढते तर कधी फार खचते त्या आजारात, उन्मादाच्या काळात लैंगिक वर्तन बेफाम होऊ शकते. मंत्रचळात (ओसीडीत) घाणेरडे वाटणारे लैंगिक विचार नको असताना डोक्यात घुसतात. त्यात सुख नसते, नुसती धास्ती असते. पार्किन्सनसाठी (कंपवातासाठी) दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांत असे वर्तन नव्याने सुरू होते. सत्तरीतले आजोबा अचानक बदलले, तर घरचे लाजेने गप्प बसतात. खरे तर ती गोष्ट गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायची असते. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

नाशिकमध्ये या विकाराच्या नावाची पाटी शोधत फिरण्यात अर्थ नाही. वाट मानसोपचार विभागातून जाते. त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे नाशिककरांचे ‘सिव्हिल’, आणि आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणे. खासगी मानसोपचारतज्ज्ञ शहरात आहेतच. केस पेपरच्या खिडकीवर मागे रांग उभी असताना कारण सांगावे लागेल, ही धास्ती अनेकांना दारातूनच परत फिरवते. ‘मानसोपचार’ एवढे म्हटले तरी पुरते. आत गेल्यावरही बरेच जण ‘झोप लागत नाही’, ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून सुरुवात करतात आणि खरी गोष्ट उठता उठता, हात दारावर असताना बोलतात. डॉक्टरांना हे नवीन नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.

डॉक्टरांची खरी स्पर्धा भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींशी आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींनी तो कायदा वाचलेला दिसत नाही. ज्याला ओढ आवरत नाही, त्यालाही तिथे ताकदीचेच चूर्ण मिळते.

उपचाराचा कणा म्हणजे समुपदेशन, त्यातही बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी), म्हणजे विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणारी पद्धत. पहिले काही आठवडे रुग्णाला वहीत नोंदी करायला सांगतात : वेळ, जागा, आधी मनात काय होते, नंतर काय वाटले. सातपूर-अंबडच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून रात्री उशिरा खोलीवर एकटाच परतणारा कामगार अशी वही लिहू लागला, की पंधरवड्यात आकृती दिसू शकते : पहाटेचे अडीच, घरच्यांशी फोनवर झालेली कुरबूर, झोप नाही, हातात मोबाइल. मग उपाय त्या अडीच वाजण्याभोवती रचतात. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, झोपेची वेळ ठरलेली, ओढ आली तर वीस मिनिटे काय करायचे ते आधीच लिहिलेले. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, हे एकदा अनुभवले की धीर येतो. घसरण होते, तिची नोंद करायची आणि वही पुढे चालू ठेवायची. सोबत नैराश्य, चिंता किंवा दारू असेल, तर त्यांचेही उपचार करावे लागतात. औषधांत नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि दारूच्या व्यसनावर दिले जाणारे नाल्ट्रेक्सोन वापरतात, परंतु खास याच विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही.

दारू सोडणाऱ्यांच्या गटांच्या धर्तीवर बारा पायऱ्यांचे स्वमदत गट १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. अशा गटांच्या सभा ऑनलाइनही भरतात. एकटेपणा कमी होतो, हा त्यांचा मोठा फायदा. डॉक्टरांची जागा ते घेत नाहीत.

असुरक्षित संबंध आले असतील, तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. निदान झाले म्हणून गुन्हा माफ होत नाही : लहान मुलांवरील अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.

जोडीदाराची बाजू या सगळ्यात मागे राहते. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला देणारे मोकळे होतात आणि भोगते ती आलेली सून. तिला नवऱ्याच्या फोनची पहारेकरी बनवणे हा उपचार नव्हे. तिचा राग, तिची तपासणी, पुढे राहायचे की नाही हा तिचा निर्णय, यांसाठी तिला वेगळा समुपदेशक असावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून, चोवीस तास बोलता येते. नवरा यायला तयार नसला, तरी तो फोन ती एकटीही लावू शकते.